मोबाईलवरचे फोटो आणि एडिटिंग ॲप्स: सोलापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला माल दाखवायचा तर फोटो पाठवावा लागतो, म्हणून मी मोबाईलवर फोटो काढायला शिकले. पुढे त्याचा नादच लागला. आता रविवारी सकाळी सिद्धेश्वर तळ्यावर फिरायला येणारी मंडळी, गल्लीतल्या कॉलेजच्या मुली, नणंदेच्या ऑफिसातले लोक, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. स्टुडिओवाल्यांनी हे वाचून हसू नये, हे त्यांच्यासाठी नाही.

माझा फोन बारा-तेरा हजारांचा आहे. त्यावर चांगले फोटो येतील का?

येतील. आधी लेन्स पुसा. थट्टा नाही करत. माझ्याकडे "फोटो धुरकट येतात, फोन बदलू का?" म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. खिशातली धूळ, गालाचं तेल, भाकरी थापताना आलेला फोन घेतल्यावर चिकटलेलं पीठ, सगळं त्या एवढ्याशा काचेवर बसतं. दिव्याभोवती लांब रेघा पसरलेल्या दिसल्या की काच मळली आहे असं खुशाल समजा. एक सूचना मात्र टॉवेलच्या गावची म्हणून देते: कोऱ्या टॉवेलने लेन्स पुसू नका. त्याला खळ असते आणि तो तंतू सोडतो. चष्म्याचं कापड किंवा धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा चांगला.

पण त्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलंय. मग शेजाऱ्याच्या १२ मेगापिक्सेलच्या आयफोनपेक्षा माझा चांगला ना?

आकड्यावर जाऊ नका. ५० मेगापिक्सेलचा फोन रोजच्या वापरात शेजारशेजारचे चार पिक्सेल जोडून त्यांचा एक करतो आणि तुमच्या हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. कमी उजेडात त्याचा फायदाच होतो. पूर्ण ५० ची सोय मेनूमध्ये वेगळी असते. भरपूर उजेड असेल आणि नंतर बराच भाग कापायचा असेल तरच ती वापरा, नाहीतर फाईल उगाच जड होते. आणि स्वस्त फोनच्या पाठीवर जो दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा असतो, तो डब्यावर छापायला असतो असं माझं मत आहे. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून क्रॉप केलेलं, म्हणजे बाजूचा भाग कापलेलं फूल चांगलं दिसतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधी काय बदलू?

ग्रिड चालू करा. पडद्यावर चौकटी दिसतात आणि तळ्याचं पाणी तिरकं सांडल्यासारखं येत नाही. ब्युटी बंद करा. कोपऱ्यात फोनचं नाव छापणारा वॉटरमार्क बंद करा, कंपनीची फुकट जाहिरात आपण का करायची? फोटोचा आकार ४:३ ठेवा. फुल स्क्रीन ठेवलात तर फोन फोटोच्या दोन कडांचा भाग कापून टाकतो आणि तो परत मिळत नाही.

एक सवय तेवढी लावून घ्या. फोटोत जे महत्त्वाचं आहे त्यावर बोट टेकवा, मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर-खाली सरकवून उजेड ठरवा. बोट दाबून धरलं तर फोकस आणि उजेड दोन्ही कुलूप लावल्यासारखे थांबतात. नुसत्या एवढ्या जोरावर माझ्या सासूबाई आता माझ्यापेक्षा बरे फोटो काढतात. त्यांना 'एक्सपोजर' हा शब्द माहीत नाही, त्या "उजेड उतरव" म्हणतात.

सोलापूरच्या उन्हात फोटो काढायचे तरी कधी?

सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि मावळतीआधीचा तास. त्या वेळी ऊन तिरपं असतं, सावल्या लांब पडतात, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांचा एकेक दगड सुटा दिसतो. मार्च ते मेमध्ये अकरानंतर ऊन डोक्यावर येतं. माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, आभाळ पांढरंफटक होतं आणि कुठलंही ॲप ते निळं करू शकत नाही. केलंच तर खोटं दिसतं.

दुपारीच काढायची वेळ आली तर माणसाला दाराच्या उंबऱ्याच्या जरा आत उभं करा, तोंड बाहेर. बाहेरचा उजेड अंगणावर आपटून मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. आमच्या जुन्या घराच्या त्या दारात मी अख्ख्या गल्लीचे फोटो काढलेत. लग्नाच्या स्थळासाठी पाठवलेले तीन तरी आहेत, पैकी दोन जमली. श्रेय दाराचं.

आणि फोन तापतो. ॲपल स्वतःच ० ते ३५ अंशांच्या हवेत आयफोन वापरा म्हणतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो. तापला की फोन आधी पडदा मंद करतो, फ्लॅश बंद पाडतो, मग कॅमेराच थांबवतो. उन्हात दोन फोटोंच्या मध्ये फोन सावलीत ठेवा आणि जाड कव्हर काढा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका. तापलेला फोन गार करायला फ्रिजमध्ये ठेवणारे महाभाग मला भेटलेत. आत पाणी सुटतं, तसलं काही करू नका.

झूम केलं की फोटो फाटतो. का?

स्वस्त फोनमधलं झूम म्हणजे मूळ चित्र कापून ताणणं. त्यात नवीन काही दिसत नाही. दोन पावलं पुढे जा. पुढे जाणं शक्य नसेल तर झूम न करता काढा आणि नंतर क्रॉप करा, निदान चौकट कुठे धरायची ते तरी निवांत ठरवता येतं. महागड्या फोनवर ३ किंवा ५ पट झूमची खरी वेगळी लेन्स असते. तिथे तेवढ्यापर्यंत झूम बिनधास्त वापरा, त्याच्या पुढे पुन्हा ताणाताणीच.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे फोटो काढायचे आहेत. मागच्या वर्षी सगळे पांढरे ढग आले.

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण यात मी स्वतः दोन वर्षं नापास झाले.

घोळ असा होतो. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या उजेडाचं असावं, एवढंच त्याला ठाऊक. बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेली शेकडो माणसं चौकटभर आली की तो म्हणतो, बापरे किती उजेड, आणि फोटो काळवंडवतो. शुभ्र बाराबंदी मळकट राखाडी दिसते. उलट मागे काळोखी गल्ली, गडद भिंत असेल आणि पांढऱ्या कपड्यातली दोन-चारच माणसं असतील, तर तो अंधार उजळायला जातो आणि बाराबंदीचा चुना होतो. एकदा का कापड पूर्ण पांढरं जळालं की त्यातल्या चुण्या कोणत्याच ॲपने परत येत नाहीत. म्हणून यात्रेत माझा नियम: बोट पांढऱ्या कापडावर टेकवायचं, उजेड किंचित उतरवायचा, आणि चेहरे काळसर आले तर ते घरी येऊन उजळायचे. काळोखातून थोडंफार काढता येतं, जळालेल्यातून काहीच नाही.

दुसरी गोष्ट चौकटीची. सातही नंदीध्वज एका फोटोत मावावेत म्हणून लोक लांब जातात आणि मग काठ्या काडेपेटीतल्या काड्या दिसतात. एकच घ्या. फोन उभा धरा. काठी पेलणाऱ्याच्या कमरेचा पट्टा, ताणलेली मान, आजूबाजूला सावरायला पुढे आलेले हात. नंदीध्वजाची उंची त्या मानेवरून कळते. वाइड लेन्सने अगदी कडेला काठी आणलीत तर ती वाकडी दिसते, ती मधल्या भागात ठेवा.

अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाला, सम्मती कट्ट्याजवळ पुढची जागा मिळेल ही आशा सोडा. हात उंच करून फोटो काढणारे हजार हात हाच तिथला फोटो आहे. एकदा मी तोच काढला, आणि घरात सगळ्यांत जास्त तोच पाहिला जातो.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामासाठी नाईट मोड वापरू नका. तो एकामागून एक बरेच फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो, त्यात हलत्या ठिणग्यांचा लगदा होतो. प्रो मोड (सगळं आपल्या हाताने ठरवायची सोय) असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, १०० ठेवा, शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, २ ते ४ सेकंद, आणि फोन स्टँडवर किंवा गाडीच्या सीटवर टेकवून टायमरने काढा. बटण दाबताना बसणारा धक्काही फोटो बिघडवतो. प्रो मोड नसेल तर सरळ व्हिडिओ घ्या.

कारखान्यात लूमचे फोटो काढले तर आडवे काळे पट्टे येतात. फोन खराब झालाय का?

फोन ठणठणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र एका दमात न टिपता ओळीओळीने वाचतो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळ्या पडतात. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० करा, पट्टे जातात. १/५० वर धोटा धूसर येतो, मला तो तसाच आवडतो. थांबलेला धोटा बंद पडलेल्या लूमसारखा वाटतो. ज्यांच्या फोनमध्ये प्रो मोड नाही त्यांनी ओपन कॅमेरा हे ॲप घ्यावं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. सगळ्या फोनवर त्याला सगळी बटणं मिळतीलच असं नाही, पण करून बघायला काय जातं?

चादरीचा रंग फोटोत खरा येत नाही. गिऱ्हाईक भांडतं.

या ताई माझ्याच जातकुळीतल्या. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने आमच्या चार चादरी परत पाठवल्या होत्या. म्हणे, "फोटोत राणी रंग होता, आला तो जांभळा." मी पाठवलेला फोटो पुन्हा उघडून बघितला, खरंच तो राणी दिसत होता. चादर बघितली, ती वांगी रंगाची होती. जाण्यायेण्याचं भाडं अंगावर पडलं आणि तेव्हापासून मी रंगाच्या मागे लागले.

पहिलं कारण मिसळलेला उजेड. दुकानात वर पांढरी ट्यूब, शोकेसमध्ये पिवळा दिवा आणि दारातून ऊन. तीन उजेड तीन रंगांचे. फोन त्यातल्या कुणाचं ऐकणार? दिवे बंद करा, चादर खिडकीजवळ किंवा गच्चीत सावलीत न्या. थेट उन्हात नको.

दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. चौकटभर एकच लाल चादर असली की फोनला वाटतं, उजेडच लाल आहे. मग तो 'सुधारणा' करतो आणि लाल फिका पाडतो. म्हणून चौकटीत काहीतरी पांढरं असू द्या. मी साधा कागद चादरीच्या कडेला ठेवते. नंतर स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्स उघडून पिपेटचं चिन्ह त्या कागदावर आणायचं, रंग जागेवर येतात, आणि मग कागद क्रॉप करून टाकायचा.

तिसरं, राणी, लाल, केशरी हे रंग फार लवकर जळतात. फोटो उजळ दिसत असतो, पण लाल भागातली वीण गायब झालेली असते, नुसता रंगाचा डबा ओतल्यासारखा. उजेड थोडा उतरवला की मोराची नक्षी परत दिसते.

एवढं करूनही गिऱ्हाइकाच्या फोनवर तो रंग कसा दिसेल ते आपल्या हातात नाही. बऱ्याच फोनचा पडदा रंग भडक दाखवायलाच बसवलेला असतो. आपल्या फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'नॅचरल' करून ठेवा, म्हणजे निदान आपण फसणार नाही. गिऱ्हाइकासाठी माझी एक युक्ती आहे: एका फोटोत चादरीवर लिंबू ठेवते. लिंबाचा पिवळा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या फोनवर लिंबू जास्त पिवळंजर्द दिसलं तर चादरही तेवढीच भडक दिसत्ये, हे त्याला आपोआप कळतं. शेजारच्या मावशींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "काय करलालीस गं? नजर काढायलीस का चादरीची?"

टॉवेलच्या फोटोत कधीकधी इंद्रधनुष्यासारखे नागमोडी पट्टे येतात. बारीक वीण आणि सेन्सरच्या ओळी एकमेकांत अडकल्या की असं होतं. अर्धा फूट पुढे-मागे व्हा किंवा फोन जरा तिरका धरा. एडिट करून ते नीट निघत नाहीत.

एडिटिंगला कोणतं ॲप घेऊ? फुकट हवं.

स्नॅपसीड. २०११ साली निक सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने काढलं, पुढच्याच वर्षी गुगलने ती कंपनी विकत घेतली. तेव्हापासून ते फुकट आहे, जाहिरात नाही, फोटोवर शिक्का मारत नाही. आयफोनवर २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, तिथे मांडणी वेगळी दिसेल. खाली लिहिलेली अवजारं तिथेही सापडतील.

लाइटरूम रंगांच्या बाबतीत जास्त बारकाईचं आहे, एकेक रंग सुटा धरून बदलता येतो, आणि एका चादरीवर केलेले बदल पुढच्या वीस फोटोंना एका फटक्यात लावता येतात. दुकानासाठी मी तेच वापरते. त्यातली काही अवजारं पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, पण उजेड-रंगाचं रोजचं काम फुकटात होतं. घाईचं काम असेल तर फोनमधल्या गुगल फोटोजचं एडिटही पुरतं. पिक्सआर्ट वाढदिवसाचे बॅनर करायला ठीक. "एका क्लिकमध्ये डीएसएलआर" असं म्हणणारी ॲप्स फोनमध्ये घेऊ नका. फोटोचं ॲप संपर्कांची यादी वाचायची परवानगी मागू लागलं तर ते तिथेच काढून टाका.

स्नॅपसीडमध्ये नेमकं काय काय करायचं? इतकी चिन्हं बघूनच घाबरायला होतं.

त्यातली पाच-सहाच लागतात. मी या क्रमाने जाते.

आधी क्रॉप आणि सरळ करणं. मग ट्यून इमेज: बोट वर-खाली केलं की यादी येते, डावी-उजवीकडे केलं की कमी-जास्त होतं. हायलाइट्स (उजळ भाग) उतरवा, शॅडोज (काळसर भाग) जरा चढवा. ॲम्बियन्स नावाचं एक आहे, ते थोडंसं वाढवलं तर चांगलं, जास्त वाढवलं तर माणसांभोवती देव्हाऱ्यातल्या फोटोसारखं वलय येतं. सॅच्युरेशनला मी हात लावत नाही, लावलाच तर खाली.

मग सिलेक्टिव्ह. चेहऱ्यावर टिंब ठेवायचं, दोन बोटांनी त्याचा घेर लहान-मोठा करायचा आणि तेवढाच चेहरा उजळायचा. यात्रेतल्या काळसर चेहऱ्यांचं मघाशी म्हटलं ते काम इथे होतं. हीलिंगने भिंतीवरचा डाग, आभाळातली वायर पुसता येते. इंद्रभुवनसारख्या इमारतीचा फोटो खालून काढला की ती मागे कललेली दिसते. पर्स्पेक्टिव्हने ती सरळ उभी राहते, फक्त काढतानाच चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात. डिटेल्समधलं शार्पनिंग शेवटी, अगदी चिमूटभर. एचडीआर स्केप नावाचं फोटो भडक करणारं अवजार आहे, त्याला मी दुरूनच नमस्कार करते.

झाल्यावर फोटोवर बोट दाबून धरा, मूळ फोटो दिसतो. सोडा, बदललेला दिसतो. पहिल्या झटक्यात "अरे हा एडिट केलाय" असं वाटलं तर एक पायरी मागे या. आणि रात्री अंथरुणात, पडदा मंद करून एडिट करू नका. सकाळी तोच फोटो भलताच उजळ निघतो.

चेहरा गोरा आणि गुळगुळीत करायचं चांगलं ॲप सांगा.

अशी ॲप्स ढिगाने आहेत, मी सांगणार नाही. सावळ्या रंगाला फोटोत काही कमी नसतं, कमी असतो तो उजेड. वर सांगितलेल्या दारात उभं राहून बघा. आमच्या ओळखीच्या एक आजी चाळीस वर्षं विड्या वळत होत्या. त्यांच्या बोटांचा फोटो मी काढला आणि नातवाने तो कुठल्याशा ॲपमध्ये घालून बोटं केळ्यासारखी गुळगुळीत करून दिली. आजी म्हणाल्या, "ही कुणाची बोटं?" एखादी पुटकुळी पुसा, ती आठवड्याने जाणारच होती. सुरकुत्या राहू द्या.

मागची माणसं पुसून टाकायचं 'मॅजिक इरेझर' वापरावं का?

गुगल फोटोजमध्ये ते आता साध्या फोनवरही मिळतं, गर्दीतला एखादा अनोळखी माणूस किंवा कचऱ्याचा डबा घालवायला छान आहे. पुसलेल्या जागी फोन अंदाजाने काहीतरी भरतो, त्यामुळे विटा, जाळी, चौकटीची चादर यांच्यावर भरवसा ठेवू नका, नक्षी तुटते. विकायच्या मालावरचा डाग यातून पुसणं म्हणजे फसवणूक, मग गिऱ्हाईक भांडलं तर तक्रार नको. आणि घरातल्या गटात ज्या भावकीशी बोलणं नाही त्यांना लग्नाच्या फोटोतून पुसू नका. आमच्याकडे झालंय. फोटोत खांद्यावर हात तेवढा उरला होता.

जेवणाचे फोटो?

खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय. कडक भाकरी वरून छान दिसते, शेंगाचटणी बाजूने. हुग्गीवर (गव्हाच्या खिरीवर) तूप घातल्या घातल्या काढा, मुरलं की चमक जाते. आणि लवकर आटपा, घरचे खोळंबलेले असतात.

नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी मोबाईलवर मिळेल का?

नाही. तिथला माळढोक आता मोठ्या लेन्सवाल्यांनाही दुर्मिळ झालाय, आणि दिसलाच तर मोबाईलमध्ये एक ठिपका येईल. काळवीट दिसतात, पण तीही लांब. उन्हं चढल्यावर जमिनीवरची गरम हवा हलते आणि सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं येतं. जवळ जाण्यासाठी त्यांच्या मागे धावू नका. मोबाईलने माळरानच काढा: पावसाळ्यानंतरचं सोनेरी गवत, वर मोठं आभाळ, क्षितिज चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. दुर्बीण असेल तर तिच्या काचेला मोबाईल लावून काढायचा प्रयत्न करा, मला दहात एखादा जमतो.

हत्तरसंग कुडलच्या शिलालेखाचा फोटो काढला, अक्षरंच दिसत नाहीत.

कारण उजेड समोरून होता. शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा तो मराठी लेख आहे. एवढ्या जुन्या दगडावरची खोदाई उथळच उरणार. अक्षर उठून दिसायला त्याच्या खाचेत सावली पडावी लागते. सोबत्याचा मोबाईल घ्या, टॉर्च लावा आणि तो दगडाला जवळजवळ समांतर, एका बाजूने धरा. आपला फ्लॅश बंद. बाजू बदलून तीन-चार फोटो काढा, एकात काना दिसतो तर दुसऱ्यात वेलांटी. नंतर स्नॅपसीडमध्ये काळा-पांढरा करून काँट्रास्ट वाढवा. अक्षरांवर पाणी, खडू, हळद काहीही लावू नका.

व्हाट्सॲपवर पाठवला की फोटो का बिघडतो?

व्हाट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. पाठवताना वर एचडी लिहिलेलं चिन्ह दिसतं ते दाबा, बरंच सुधारतं. जसाच्या तसा पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यात एक धोका आहे: फोटोच्या फाईलमध्ये तो कुठे काढला ते ठिकाणही नोंदलेलं असू शकतं. साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. अनोळखी माणसाला घरात काढलेला फोटो असा पाठवू नका, किंवा कॅमेऱ्यात लोकेशन बंद ठेवा.

लॅबवाला म्हणतो क्वालिटी नाही, मोठी प्रिंट येणार नाही. खरं आहे का?

मूळ फाईल नेली असेल तर सहसा खरं नसतं. ८ बाय १२ इंचाच्या उत्तम प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी २४०० गुणिले ३६००, म्हणजे साधारण ८६ लाख पिक्सेल लागतात. तुमचा साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो त्याला पुरून उरतो. व्हाट्सॲपवरून आलेला फोटो नेलात तर लॅबवाल्याचं बरोबर आहे.

खरी अडचण आकाराची. फोनचा फोटो ४:३ चा आणि ४ बाय ६ किंवा ८ बाय १२ ची प्रिंट ३:२ ची. म्हणजे आडवा फोटो वर-खाली आणि उभा फोटो दोन्ही बाजूंनी थोडा कापला जाणार. गटाच्या आडव्या फोटोत काकांची टोपी आणि उभ्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या आत्याचा पदर असाच जातो. आधीच ३:२ मध्ये स्वतः क्रॉप करून न्या. चादरीचा रंग लॅबच्या कागदावर पुन्हा बदलतो, म्हणून आधी एक छोटी प्रिंट काढून बघा.

अनोळखी लोकांचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून काढा. बुधवारातल्या बाजारात भाजीवाल्या मावशींना "फोटो काढू का?" म्हटलं की आधी पदर नीट करतात, मग लाजतात, तिसऱ्या मिनिटाला विसरतात, तेव्हा काढा. नंतर एक प्रिंट नेऊन द्या, पुढच्या वेळी कोथिंबीर फुकट मिळते. सोलापुरात मराठी चालली नाही तर तेलुगू, कन्नड नाहीतर दखनीत विचारा, एक तरी लागू पडतेच. देवळात, दर्ग्यात, कारखान्यात पाटी वाचा आणि ती मोडू नका. लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

रॉमध्ये काढू का?

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, फोनने न दाबलेली मूळ फाईल. लाइटरूम हातात बसलं असेल तर काढून बघा, जळालेला उजेड थोडा जास्त वाचतो. तोवर गरज नाही. एकेक फाईल भलतीच जड असते.

फोनची जागा भरली. आणि परवा चुकून यात्रेचे सगळे फोटो डिलीट झाले, परत मिळतील का?

गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबी, आणि त्यातच जीमेल-ड्राइव्ह आलं. म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला फोटो पेनड्राइव्हवर उतरवते आणि तिथेच निम्मे उडवते.

डिलीट झालेले आधी ट्रॅशमध्ये शोधा. बॅकअप घेतलेले फोटो गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, बॅकअप नसलेले ३० दिवस. आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड' नावाच्या अल्बममध्ये ३० दिवस असतात. तिथून रिस्टोअर केले की जागच्या जागी परत येतात. सासूबाईंनी एकदा "जागा होत नव्हती" म्हणून पूर्ण यात्रा उडवली होती, ती मी अशीच एकोणतिसाव्या दिवशी परत आणली. त्यांनी पाहिली, एकेक निरखली, आणि त्यातले सतरा फोटो पुन्हा डिलीट केले.